तपकिरी पाण्याचा पुरावा

दारावर आलेल्या मुलाने दोन ग्लास मागितले. एकात आमच्या नळाचं पाणी घेतलं, दुसऱ्यात त्याने सोबत आणलेल्या बाटलीतलं, म्हणजे आरओचं. मग पिशवीतून चार सळयांचं एक यंत्र काढलं, दोन सळया एका ग्लासात, दोन दुसऱ्यात सोडल्या आणि पिन प्लगमध्ये खोचली. "काकू, आता बघा." अर्ध्या मिनिटात नळाचं पाणी पिवळट झालं, मग तपकिरी, मग थेट गटाराच्या रंगाचं. वर गाळ तरंगायला लागला. आरओचं पाणी जसंच्या तसं. "हे पिताय तुम्ही रोज," मुलगा म्हणाला. बायको माझ्याकडे बघायला लागली, जणू इतकी वर्षं मीच तिला फसवलं होतं.

मी आतून मीठ आणलं. चिमूटभर त्याच्या आरओच्या पाण्यात टाकलं, ढवळलं आणि म्हटलं, आता पुन्हा लाव. ते नळाच्या पाण्यापेक्षाही घाण झालं.

प्रत्येक ग्लासातल्या दोन सळयांपैकी एक लोखंडाची असते. वीज सोडली की धनाग्राचं लोखंड झिजून पाण्यात उतरतं आणि त्याचा गंजाच्या रंगाचा साका धरतो. दिसणारी घाण पाण्याची नाही, सळईची. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून वीज वाहत नाही, म्हणून सळई झिजत नाही, म्हणून पाणी नितळ राहतं. नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट वीज वाहून नेतं, एवढाच त्यांचा गुन्हा. पोराला हे खरोखरच माहीत नव्हतं. त्याला यंत्र लावायला शिकवलं होतं, यंत्र काय करतं ते नाही. चहा पिऊन तो शेजारच्या बिल्डिंगमध्ये गेला. तिथलंही पाणी तपकिरी झालं असणार.

परवा आमच्या गावच्या व्याख्यानमालेत मला तो मुलगा पुन्हा भेटल्यासारखं वाटलं. व्याख्याता अर्थातच वेगळा होता: तरुण इंजिनिअर, हुशार, बोलण्यात कळकळ, विकायला काहीही आणलेलं नव्हतं. विषय होता विद्युतरासायनिक सेन्सर. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. लवकरच प्रत्येकाच्या खिशात एक छोटी प्रयोगशाळा असेल. दूध, भाजी, हळद, पाणी, कशातही पट्टी बुडवायची; मोबाइलवर हिरवा नाहीतर लाल दिवा लागेल. कीटकनाशक, शिसं, युरिया, सगळं कळेल. सरकारी लॅबच्या दारात महिनोन्‌महिने थांबायची गरज उरणार नाही, कारण ग्राहक हाच अन्न निरीक्षक होईल. ग्लुकोमीटरने हे करून दाखवलंच आहे. आणि समजा पट्टी थोडी चुकली, तरी काहीच नसण्यापेक्षा ते बरं.

टाळ्या पडल्या. सवयीने मीही वाजवल्या. घरी येईपर्यंत मात्र एकेक वाक्य टोचायला लागलं.

माझी भूमिका आधीच सांगून टाकतो, म्हणजे मला कोणी या तंत्राचा वैरी समजू नये. तीसेक वर्षं मी कॉलेजात विश्लेषणात्मक रसायनशास्त्र शिकवलं आणि त्यातली बरीचशी पोलरोग्राफ नावाच्या यंत्रापुढे बसून काढली. प्राग शहरात यारोस्लाव हेरोव्हस्की यांनी १९२२ साली हे तंत्र काढलं आणि १९५९ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. केसासारख्या बारीक काचनळीतून पाऱ्याचा थेंब हळूहळू फुगतो, गळतो, दुसरा येतो. थेंबाला थोडं थोडं वाढतं विभव द्यायचं आणि वाहणारा प्रवाह मोजायचा. प्रत्येक धातू आपापल्या ठरावीक विभवाला प्रतिसाद देतो. शिसं एका जागी, कॅडमियम दुसऱ्या, जस्त आणखी पुढे. कागदावर उमटणाऱ्या त्या पायऱ्या पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मला पाण्यातले धातू हजेरी देत आहेत असं वाटलं होतं. आजही वाटतं. तेव्हा सेन्सर हे खेळणं आहे म्हणून नाक मुरडणाऱ्या, मास स्पेक्ट्रोमीटरच्या खाली न उतरणाऱ्या मंडळींच्या पंगतीला मी बसत नाही.

पण पारा का, हे त्या तरुणाने स्वतःला विचारायला हवं होतं. इतका विषारी, सांडला की फरशीच्या भेगेत जाऊन बसणारा पदार्थ हेरोव्हस्कींनी का घेतला? पाऱ्यावर हायड्रोजन सुटायला उशीर लागतो, हे एक कारण. दुसरं जास्त साधं: थेंब गळून पडतो. नमुन्यातला मळ, चिकटा, मागच्या मोजणीचे अवशेष, सगळं घेऊन तो जातो आणि पुढचा थेंब कोऱ्या पाटीसारखा येतो. घन इलेक्ट्रोडचं खरं दुखणं हेच, की तो कोरा राहत नाही. दुधात बुडवला की प्रथिनं आणि स्निग्धांश त्याच्यावर साय धरल्यासारखे बसतात आणि त्याची कुवत मोजणीगणिक उतरत जाते. आजची एकदा वापरून फेकायची छापील पट्टी ही खरं तर त्या पाऱ्याच्या थेंबाची नात आहे: प्रत्येक मोजणीला नवी. म्हणून ती हुशार कल्पना आहे. आणि म्हणूनच तिचं सगळं यश एका कंटाळवाण्या गोष्टीवर अवलंबून असतं, कारखान्यातून निघालेली लाखावी पट्टी पहिलीसारखीच असण्यावर.

आता ग्लुकोमीटरकडे येतो, कारण त्या भाषणाचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा होता.

लेलंड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी इलेक्ट्रोडवर ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर बसवण्याची कल्पना १९६२ साली मांडली. इलेक्ट्रोडवर चालणारा, पेनासारखा खिशात मावणारा मीटर बाजारात आला १९८७ साली. मधली पंचवीस वर्षं लोक झोपले नव्हते. आणि हे घडलं ते विश्लेषणाच्या दृष्टीने जवळजवळ लाडावलेल्या पदार्थाच्या बाबतीत. उपाशीपोटी रक्तात ग्लुकोज असतं लिटरमागे एक ग्रॅमच्या आसपास. म्हणजे ढीगच. त्याला ओळखणारं विकर निसर्गानेच बनवून ठेवलेलं. नमुना नेहमी एकच, माणसाचं रक्त; त्याची आम्लता, क्षार, तापमान शरीर स्वतः सांभाळतं. आणि अचूकतेची अपेक्षा बेताची: १०० मिलिग्रॅमच्या वरच्या वाचनात पंधरा टक्के इकडेतिकडे झालं तरी आंतरराष्ट्रीय मानक ते चालवून घेतं, कारण मधुमेह्याला आज १८० आहे की १९५ याने औषध बदलत नाही.

आता पिण्याच्या पाण्यातलं आर्सेनिक घ्या. मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम. ग्लुकोजच्या एक लाखावा भाग. दुधातलं अफ्लाटॉक्सिन एम-१ घ्या, बुरशी आलेली पेंड गाईने खाल्ली की दुधात उतरणारं. आपल्या अन्न सुरक्षा कायद्यातली मर्यादा किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम. तो वीस लाखावा भाग झाला. आणि हा कण शोधायचा तो शरीराने सांभाळलेल्या रक्तात नाही. आज गाईच्या, उद्या म्हशीच्या, परवा पाणी घातलेल्या, तेरवा सोडा घातलेल्या दुधात. ग्लुकोमीटर झाला म्हणून हेही होईल हा युक्तिवाद म्हणजे पोरगं ओढा पोहून गेलं, आता समुद्रही जाईल असं म्हणण्यासारखं आहे. जाईलही. पण ओढा हा त्याचा पुरावा नव्हे.

बरं, या लाडावलेल्या ग्लुकोमीटरनेही माणसं मारली आहेत, हे व्याख्यानात आलं नाही. काही पट्ट्यांमध्ये ग्लुकोज ऑक्सिडेजऐवजी दुसरं एक विकर वापरलेलं होतं. त्याला ग्लुकोज आणि माल्टोज यांतला फरक कळत नव्हता. पोटातून डायलिसिस करणाऱ्या काही रुग्णांना जे द्रावण देतात त्याचं शरीरात माल्टोज होतं. मीटरने ते साखर म्हणून मोजलं, आकडा भरमसाट दिसला, इन्सुलिन टोचलं गेलं, आणि प्रत्यक्षात साखर आधीच कमी होती. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ साली याबद्दल इशारा दिला तेव्हा त्यात १३ मृत्यूंची नोंद होती. यंत्र बिघडलेलं नव्हतं. त्याला माल्टोजबद्दल कोणी विचारलंच नव्हतं, आणि सेन्सर आपणहून सांगत नाही.

माझा मूळ आक्षेप इथे आहे. सेन्सर म्हणजे प्रश्न आधीच ठरवून बनवलेलं यंत्र. तो त्या एका प्रश्नाचं उत्तर देतो, आणि त्या प्रश्नाच्या चेहऱ्यामोहऱ्याचं दुसरं काही समोर आलं तर त्यालाही तेच उत्तर देतो. 'यात काही वाईट आहे का?' हा ग्राहकाचा प्रश्न त्याला विचारताच येत नाही. हिरवा दिवा लावणारं मोबाइलचं पान मात्र नेमकं तेच विचारल्याचा आव आणतं.

याचं सर्वांत घरगुती उदाहरण म्हणजे टीडीएस मीटर. आज तो मुंबई-पुण्याच्या कितीतरी स्वयंपाकघरांत सापडेल. दोन इलेक्ट्रोड, त्यांच्यामधली विद्युतवाहकता मोजायची, ठरावीक गुणकाने गुणायचं, आकडा दाखवायचा. यंत्र म्हणून प्रामाणिक आहे. पाण्यात चमचाभर साखर विरघळवून बघा, आकडा हलायचा नाही, कारण साखरेचे आयन होत नाहीत. युरियाचेही होत नाहीत. बहुतेक कीटकनाशकांचेही नाहीत. ३०० टीडीएसच्या पाण्यात मर्यादेच्या दहापट आर्सेनिक घातलं तर भर पडते लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमची, मीटर ३०० वरून ३०० वर जातो. उलट भारतीय मानकाप्रमाणे ५०० पर्यंतचं पाणी उत्तम आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतं. ५०० च्या आत टीडीएस असलेल्या ठिकाणी आरओवर बंदी आणा असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली सांगितलं, ते उगाच नाही. तरीही १५० टीडीएसच्या नळाला नाक मुरडून ३० टीडीएसचं पाणी अभिमानाने दाखवणारी माणसं मी रोज बघतो.

२०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. बोट पाण्याकडे होतं, आणि कॅम्पिलोबॅक्टर नावाच्या जिवाणूकडे. त्या दिवसांत मला निदान चार फोन आले: सर, आमच्याकडे टीडीएस ८० आहे, म्हणजे आम्ही सेफ ना? जिवाणूला टीडीएस नसतो. त्या पाण्यात मोजायचं होतं ते उरलेलं क्लोरिन, नळाशी लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम. गावातला जलसुरक्षक ज्या बाटलीत ऑर्थोटोलिडिनचे, म्हणजे ओटीचे, दोन थेंब टाकून पिवळा रंग येतो का बघतो, ती तपासणी त्या आठवड्यात खिशातल्या सगळ्या मीटरांपेक्षा मोलाची होती.

आता नमुन्याकडे वळू. भाषणात यावर एकच शब्द होता, 'बुडवा'.

हळदीला पिवळाधमक रंग यावा म्हणून शिशाचं क्रोमेट मिसळण्याचा धंदा आपल्या उपखंडात जुना आहे. मी हळदीच्या पेठेजवळ राहतो म्हणून हा विषय मला जिव्हाळ्याचा. शिसं ओळखायला विद्युतरासायनिक पद्धती उत्तमच आहेत. आधी ऋण विभव देऊन पाण्यातलं शिसं इलेक्ट्रोडवर गोळा करायचं, मिनिट-दोन मिनिटं, मग विभव उलट नेऊन ते पुन्हा विरघळवायचं. जो प्रवाहाचा कळस येतो त्याच्या उंचीवरून मात्रा कळते. थेंबे थेंबे तळे साचवून मग एकदम मोजण्याची युक्ती. पाऱ्याच्या जागी बिस्मथ वापरण्याची पद्धत २००० सालानंतर रुळली आणि हे तंत्र पट्टीवर आलं. सगळं खरं. पण शिशाचं क्रोमेट पाण्यात नावापुरतंच विरघळतं. हळदीचं पाणी करून पट्टी बुडवली तर तिला दिसतं ते विरघळलेलं शिसं. चमच्यात तळाला बसलेलं नाही. भेसळ थोडी असो की भरपूर, पाण्यात उतरणारा अंश जवळपास तोच. पोटातलं आम्ल मात्र त्याहून जास्त काढतं. खरी मोजणी करायची तर हळद नायट्रिक आम्लात उकळायला हवी, गाळायला हवी, पातळ करायला हवी, आम्लता जुळवायला हवी. म्हणजे धुराचं कपाट, गॉगल, हातमोजे. स्वयंपाकघरात हे कोण करणार? आणि हे केल्यावर उरतं काय? शेवटच्या दोन मिनिटांची मोजणी. लॅबला दिवस लागतात ते यंत्र संथ असतं म्हणून नव्हे; वेळ आणि पैसा जातो या आधीच्या खटाटोपात. पट्टीने जी पायरी स्वस्त केली ती आधीपासूनच सर्वांत स्वस्त होती.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातला भात एकाच आचेवर शिजलेला असतो. शेंगदाण्याच्या पोत्याची होत नाही. अफ्लाटॉक्सिन पोत्यात सारखं पसरत नाही. हजारो दाण्यांतल्या एखाद्या बुरशीच्या दाण्यात सगळं विष असू शकतं. मूठभर दाणे वाटून त्यात पट्टी बुडवणारा ग्राहक बहुतेक वेळा हिरवा दिवा बघेल, आणि पोतं तरीही वाईट असेल. म्हणूनच जाणकार लॅब पोत्यापोत्यातून किलोच्या किलो काढते, सगळं एकत्र दळते आणि मग त्यातलं चिमूटभर घेते. कंटाळवाणं काम. त्याला ॲप नाही.

भाषणात पडद्यावर एक तक्ता दाखवला गेला. त्यात वेगवेगळ्या शोधनिबंधांतले सेन्सर आणि ते किती सूक्ष्म मात्रा पकडतात याचे आकडे होते: नॅनो, पिको, एका ठिकाणी फेम्टो. सभागृहात 'अबब' झालं. त्या आकड्यांमागची रीत मला माहीत आहे. मी स्वतः असे प्रबंध तपासले आहेत आणि पासही केले आहेत. सेन्सर शुद्ध बफर द्रावणात चालवायचा. मग 'वास्तव नमुना' म्हणून कॉलेजच्या नळाचं पाणी किंवा डब्यातला फळांचा रस घ्यायचा, आपण शोधतोय तो पदार्थ मोजून त्यात टाकायचा आणि मोजणी करायची. टाकलेल्याच्या ९८ टक्के सापडला! आपणच लपवायचं, आपणच शोधायचं, आणि सापडलं म्हणून आपणच टाळ्या वाजवायच्या. आत्ता टाकलेलं शिसं पाण्यात मोकळं फिरत असतं. पालकाच्या पानात महिनाभर मुरलेलं, सेंद्रिय रेणूंना घट्ट धरून बसलेलं शिसं तसं नसतं. ही पहिली पायरी म्हणून ठीक आहे, विद्यार्थ्याने इथूनच सुरुवात करावी. पण हिला वास्तव म्हणणं हे भाषेशी केलेलं गैरवर्तन आहे. इलेक्ट्रोड बनवून सहा महिने झाले, मे महिन्यात ट्रकमधून प्रवास झाला, आणि मग अनोळखी माणसाने अनोळखी नमुन्यात तो बुडवला, असे प्रयोग त्या तक्त्यात किती होते हे मी हात वर करून विचारलं. वेळ संपली होती.

द्राक्षांचं बोलल्याशिवाय हा लेख पुरा व्हायचा नाही, कारण माझ्या मेहुण्याची तासगावकडे बाग आहे आणि २०१० च्या हंगामात मी त्याच्याबरोबर पॅकहाऊसच्या पायरीवर बसलो होतो. निर्यातीच्या द्राक्षांसाठी आपल्याकडे ग्रेपनेटची व्यवस्था आधीच सुरू झाली होती: बागेची नोंदणी, नमुना, मान्यताप्राप्त लॅब, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची देखरेख. देशातली सगळ्यात काटेकोर व्यवस्था. तरीही त्या वर्षी युरोपात माल अडला, कारण त्यात क्लोरमेक्वॉट सापडलं, बागायतदारांच्या तोंडी सीसीसी. फुटींची वाढ आवरायला वापरतात ते. ते तपासणीच्या यादीतच नव्हतं. नेहमीच्या पद्धतीने शेकडो रसायनं एकदम काढली जातात, पण हे इतकं पाण्यात विरघळणारं, की त्या पद्धतीत हाती लागत नाही. त्याला वेगळी रीत लागते. कोट्यवधींच्या यंत्रांची लॅबसुद्धा न विचारलेल्या प्रश्नाला अडखळली. मग खिशातल्या पट्टीचं काय?

कीटकनाशकांसाठी जी पट्टी सर्वांत जास्त मिरवली जाते ती आपल्याच मज्जासंस्थेतल्या एका विकरावर बेतलेली असते. ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटातली विषं त्या विकराचं काम बंद पाडतात; प्रवाह जितका घटला तितकं विष. कल्पना सुंदर आहे. पण ती नाव सांगत नाही, फक्त कुळ सांगते. आणि मर्यादा तर प्रत्येक रसायनाची वेगळी. त्यातही क्लोरपायरिफॉससारखी रसायनं मूळ रूपात या विकराला फारशी बाधत नाहीत; आधी त्यांचं ऑक्सिडीकरण करून घ्यावं लागतं. पायरेथ्रॉइड, निओनिकोटिनॉइड तिच्या गावीही नाहीत. आणि द्राक्षावर वर्षभर जे सर्वांत जास्त पडतं ते कीटकनाशक नव्हेच, बुरशीनाशक: डावणीसाठी, भुरीसाठी, करप्यासाठी. तिथे ही पट्टी मख्ख. ताजी फवारलेली बाग हिरव्या दिव्याने पास होईल.

"काहीच नसण्यापेक्षा बरं" हे वाक्य मला सर्वांत धोकादायक वाटतं, कारण ते सर्वांत समंजस वाटतं. साधा हिशोब मांडू. समजा शंभर शेतकऱ्यांपैकी एकाने दुधात युरिया घातला आहे आणि पट्टी शंभरात पंच्याण्णव वेळा बरोबर बोलते, दोन्ही बाजूंनी. लाल दिवे लागतील साधारण सहा. त्यातला खरा एक, खोटे पाच. दुधात थोडा युरिया मुळातच असतो, हे वर. कायदा १०० मिलिलिटरला ७० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतो, म्हणजे पट्टीला 'आहे की नाही' एवढं सांगून भागत नाही, 'किती' हे नेमकं सांगावं लागतं. आता ते पाच शेतकरी डेअरीच्या रांगेत, सगळ्या गावासमोर, परत पाठवलेली किटली घेऊन उभे आहेत. त्यांच्यासाठी हे काहीच नसण्यापेक्षा बरं आहे का? लाल दिव्यानंतर खात्रीची दुसरी तपासणी असेल तर पट्टी चाळणी म्हणून उत्तम. दुसरी तपासणी म्हणजे लॅब. तीच, जिचे दिवस संपले होते.

समोरच्या बाजूचं एक म्हणणं मला पूर्ण मान्य आहे, आणि ते मी त्याच्यापेक्षा जोरात मांडीन. लॅबची आजची व्यवस्था लाजिरवाणी आहे. कायद्याने अन्न विश्लेषकाला अहवालासाठी १४ दिवस दिले आहेत. दूध तेवढे दिवस टिकत नाही, पिणारा थांबत नाही. सणाच्या तोंडावर खव्याचे नमुने घेतल्याच्या बातम्या येतात आणि अहवाल येईपर्यंत पेढे पचलेले असतात. या रागातूनच खिशातल्या प्रयोगशाळेचं स्वप्न जन्मलं आहे, आणि तो राग रास्त आहे. पण त्यावरचा उपाय 'तुमचं तुम्ही बघा' हा असू शकत नाही. ग्राहकाला निरीक्षक केलं की निरीक्षकाला घरी पाठवता येतं, हे कोणाच्या सोयीचं आहे ते सांगायला नको. शिवाय घरातल्या पट्टीवर लाल दिवा लागला तर पुढे काय? कायद्यापुढे तो कागद नाही. दुकानदार म्हणेल, तुमची पट्टी खराब.

याच्या उलट, रस्त्यावरचा पोलीस ३१ डिसेंबरला जे यंत्र तोंडापुढे धरतो तेही विद्युतरासायनिकच असतं. श्वासातल्या अल्कोहोलचं प्लॅटिनमवर ऑक्सिडीकरण होतं आणि प्रवाह वाहतो. त्याच्या आकड्याने माणूस कोर्टात उभा राहतो. कारण मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमात श्वास तपासण्याच्या यंत्राला जागा आहे, रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम ही रेघ आखलेली आहे, आणि तपासणारा कोण हे ठरलेलं आहे. एक प्रश्न, एक नमुना, एक मर्यादा, आणि मागे कायदा. पाण्यातलं फ्लोराइड मोजणारा इलेक्ट्रोडही असाच. १९६६ साली आलेला. लॅन्थॅनम फ्लोराइडच्या एका स्फटिकातून जवळजवळ फक्त फ्लोराइडच सरकू शकतं, इतका तो निवडक. आणि मोजायची मात्रा लिटरमागे एक-दीड मिलिग्रॅमची, म्हणजे त्याच्या आवाक्यातली. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या विंधन विहिरींसाठी याहून चांगलं साधन नाही. पण त्यालाही नमुन्यात एक बफर घालावं लागतं, नाहीतर ॲल्युमिनियम आणि लोहाने धरून ठेवलेलं फ्लोराइड दिसत नाही. ती बाटली संपली की इलेक्ट्रोड थापा मारतो. ग्रामीण लॅबमध्ये इलेक्ट्रोड असतो, बाटली नसते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

बांगलादेशात २००० नंतरच्या तीन-चार वर्षांत सुमारे ५० लाख कूपनलिका आर्सेनिकसाठी तपासल्या गेल्या. साधन सेन्सर नव्हतंच, रंग बदलणाऱ्या कागदाचं साधं किट होतं, आणि मर्यादेच्या आसपास ते चुकतही होतं. पण तपासून झालं की त्याच दिवशी हापशाला रंग लागायचा. लाल म्हणजे पिऊ नका, हिरवा म्हणजे प्या. वाचता न येणाऱ्या बाईलाही शेजारच्या हिरव्या हापशावर जायचं कळत होतं. त्याच देशात हळदीतल्या शिशावर २०१९ साली कारवाई सुरू झाली: हातात धरायचं क्ष-किरणांचं यंत्र घेऊन अधिकारी घाऊक बाजारात गेले, फिरत्या न्यायालयाने जागच्या जागी दंड केले, वर्तमानपत्रांनी नावं घातली. बाजारातल्या शिसं सापडणाऱ्या नमुन्यांचं प्रमाण ४७ टक्क्यांवरून २०२१ पर्यंत शून्यावर आलं. दोन्हीकडे यंत्र होतं. दोन्हीकडे ते ग्राहकाच्या खिशात नव्हतं.

त्या तरुण इंजिनिअरचा पत्ता मी व्याख्यानमालेच्या कार्यवाहांकडून घेतला आहे आणि त्याला एक निरोप धाडला आहे. मी दहा बाटल्या देतो, फक्त क्रमांक घातलेल्या. काहींत ओढ्याचं पाणी, काहींत दूध, एकीत हळद कालवलेली, दोन बाटल्या हुबेहूब एकाच पाण्याच्या. कशात काय आहे ते एका बंद पाकिटात, पाकीट कार्यवाहांकडे. त्याने यावं, पट्ट्या घेऊन यावं, पाहिजे तर चार दिवस राहावं. आमच्या नळाचं पाणी पिऊन.

बाटल्या भरून ठेवल्या आहेत.